उरलेली स्प्रिंग

२२ ऑक्टोबर, मंगळवार

शॉना आली होती. ड्यूईची मुलगी. ड्यूई आणि मी बावीस वर्षं एकाच खाणीत, एकाच पाळीला होतो. तो गेला तेव्हा ही शाळेत होती. अजून मला काका म्हणते.

मागच्या दाराने आली. गाडी कोठाराच्या आड लावलेली, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. माझी बायको नेडीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर गेली होती. मी एकटाच कारखान्यात — कारखाना म्हणजे आपली मागची शेड, बंदुका दुरुस्त करायची.

शॉनाने पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून पिस्तूल. दुकानात मिळतं त्यातलं सगळ्यात स्वस्तातलं. प्लॅस्टिकची मूठ, बाहेर घोडा नाही, सगळा कारभार आतल्या आत. तसं वाईट नाही. पण चाप! वाळू भरल्यासारखा करकरतो आणि नेमका शेवटी अडतो. मला ओढता आला. तिला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला तर नळी जमिनीकडे झुकली.

"काका, मनगटात जोरच येत नाही."

मनगट उन्हाळ्यात मोडलं होतं. तळघराच्या जिन्यावरून पडली असं गावात सांगितलं होतं. मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

म्हटलं, "चालवायचंय का तुला हे, शॉना?"

"चालवायला नको. नुसतं दाखवायला. पण मला ओढता येत नाही हे त्याला दिसलं तर? तर तो हसेल काका. हसला की मग —" टॉवेलाची घडी घालायला लागली.

तो म्हणजे रॉइस टॅकेट, तिचा नवरा. पशुखाद्याच्या गिरणीत पोती चढवतो-उतरवतो. रविवारी चर्चच्या दारात उभा राहून म्हाताऱ्या बायांना हात देतो, पायरी चढायला. गावाला तो फार आवडतो.

हलक्या चापाचा तयार संच मिळतो. मागवतो म्हणालो. शुक्रवारी ये.

२३ ऑक्टोबर

संच शुक्रवारी सकाळपर्यंत येईल म्हणाले. दिवसभर तीच डोळ्यापुढे. कामाला नाही म्हणायला हवं होतं का?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं काम.

ती समोर स्टुलावर बसून होती. बाहेर पान पडलं तरी दचकत होती. मी जुने भाग काढून छोट्या पिशवीत टाकले, नवे पाकिटातून काढून बसवायला लागलो. साधं काम आहे. तासाभराचं. अशी शंभर केली असतील.

अर्धं झालं होतं तेव्हा गाडी आली. खडीवर टायरांचा आवाज! शॉना कामाच्या बाकाखाली. अक्षरशः बाकाखाली, गुडघे छातीशी घेऊन. मी हातातलं तसंच टाकून दारात गेलो. गॅसची टाकी भरायला आलेला माणूस होता. हवापाण्याच्या गप्पा मारत बसला. जाईना! मी दारात उभा, पाठीमागे तिचा श्वास ऐकू येतोय. पंधरा मिनिटं असतील.

तो गेल्यावर ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "काका, द्या लवकर. मला जायला हवं. तो चारला सुटतो."

होतं तिथून भराभर पुढे बसवत गेलो. बंद केलं. चाप तीन-चारदा ओढून बघितला, मग तिला ओढायला दिला. एका बोटाने ओढला तिने! पिकल्या केळ्याची साल सुटावी तसा सुटला. पहिल्यांदा जराशी हसली. जुन्या भागांची पिशवी तिच्या हातात दिली — राहू दे, कधी लागले तर.

पैसे घेतले नाहीत. ड्यूईची मुलगी.

२६ ऑक्टोबर

काम चांगलं झालं. सदुसष्टाव्या वर्षी हात अजून शाबूत आहेत म्हणायचे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहायला नको वाटतंय.

सकाळी बाक झाडत होतो. चिमट्यांच्या डब्याखाली काहीतरी चमकलं. स्प्रिंग. गव्हाच्या दाण्याएवढी.

आधी वाटलं, जुनी असेल. पण जुन्या सगळ्या पिशवीत घालून तिला दिल्या. आणि ही कळकट नव्हती. कोरी होती, चकचकीत. पाकिटातली. म्हणजे जुनी काढली, आणि नवी बसवलीच नाही!

कुठली आहे तेही कळलं. कळल्यावर खाली बसलो.

पिस्तुलाच्या आत सुई असते, ती गोळीच्या बुडावर आपटते. ती आपणहून पुढे जाऊ नये म्हणून एक खुंटी आडवी येते. खुंटीला जागेवर दाबून धरते ती ही स्प्रिंग. ही नसली तरी पिस्तूल चालतं — छान चालतं! म्हणूनच तर मला कळलं नाही. पण ते हातातून निसटलं, फरशीवर पडलं, कशावर आपटलं, तर चापाला बोट न लावताही उडेल. दर वेळी नाही. कधीतरी.

शेवटची एक तपासणी असते, नेमकी याच खुंटीची. मी ती कधी चुकवत नाही. शुक्रवारी चुकवली.

शॉनाला फोन केला. बंद. पुन्हा केला. बंद. ती ते पिशवीत टाकून फिरत असेल. पिशवी खुर्चीवर फेकत असेल.

नेडीन दोनला आली, तिला सांगितलं. तिने स्प्रिंग तळहातावर घेतली, चष्मा वर-खाली केला.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

"मग इथे काय बसलायस, म्हाताऱ्या? शोध तिला!"

२९ ऑक्टोबर

शॉना गावात नाही.

पोस्टात कळलं. शनिवारी पहाटेच गेली. गाडी ठेवून गेली, फोन ठेवून गेली. रॉइस सगळीकडे विचारत फिरतोय, डोळ्यांत पाणी आणून. पोस्टातली बाई म्हणाली, "बिचारा! इतका जीव लावणारा नवरा." मी तिकीट घेतलं आणि बाहेर आलो.

गेली ते बरं झालं. पण ते घेऊन गेली. तिचं मनगट असलं. पकड नाही. हातातून पडणारच!

३० ऑक्टोबर, बुधवार

रॉइस आला.

मी कानस चालवत होतो, त्यामुळे गाडी ऐकू आली नाही. मान वर केली तर दारात उभा. केवढा मोठा माणूस आहे हा! दार भरून जातं.

"काय म्हातारबा, जोरात चाललंय काम?"

"हरणांचा मोसम आलाय. लोक बंदुका आणतात."

आत आला. बाकावरच्या वस्तू एकेक उचलून बघायला लागला. उचलायचा, पुन्हा ठेवायचा. माझ्या बाकावर कुणी हात लावलेला मला चालत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे.

"शॉना आली होती इथे."

"बऱ्याच दिवसांत नाही बघितली."

तो हसला. "तुझा हात मला ओळखू येतो, म्हातारबा. पूर्ण तालुक्यात एवढा नाजूक हात कुणाचा नाही."

कशाबद्दल म्हणतोय कळेना. कानस तशीच हातात. औषधाच्या झाकणात ठेवलेली स्प्रिंग त्याच्या कोपरापासून वीतभर लांब होती. त्याचं लक्ष गेलं नाही.

जाताना दार ओढून घेऊन गेला. हळूच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

३१ ऑक्टोबर

शेरीफच्या ठाण्यात जावं का? पण तिथे बसलेला डेप्युटी रॉइसचा मावसभाऊ. माझ्या तोंडून निघेल ते संध्याकाळी रॉइसच्या ताटात.

२ नोव्हेंबर, शनिवार

व्हर्नेटाकडे गेलो.

व्हर्नेटा दवाखान्यात नर्स होती, आता चर्चमधली जुन्या कपड्यांची खोली सांभाळते. त्या खोलीत जुने कोट असतात, पोरांचे बूट असतात. आणि काही बाया त्या खोलीत कपडे बघायला जातात आणि नंतर गावात दिसत नाहीत. कुणी बोलत नाही त्याबद्दल. नेडीनला माहीत होतं. बायकांना माहीत असतं.

मी सगळं सांगितलं. पिस्तूल, चाप, स्प्रिंग. व्हर्नेटा स्वेटरांच्या घड्या घालत होती. घड्या घालायची थांबली नाही.

"मला कसली शॉना माहीत नाही, व्हर्लिन."

"पत्ता मागत नाही मी. फक्त निरोप दे. ते पिस्तूल खाली ठेव, हात लावू नकोस, एवढाच."

"आणि त्या निरोपाला उत्तर आलं, ते तुझ्याकडे आलं, तुझ्यामागे कुणी असलं — तर?"

मला कळायला वेळ लागला. म्हटलं, "व्हर्नेटा, तुला वाटतं रॉइसने मला पाठवलंय?"

"तुझ्यापेक्षा चांगली माणसं पाठवलीयत असल्या नवऱ्यांनी माझ्याकडे. सख्खे बाप पाठवलेत. रडत येतात. माझी पोर आजारी आहे, तिची आई मरायला टेकली आहे, एकदाच भेटू दे. तुझी गोष्ट त्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे, एवढं खरं."

स्प्रिंग झाकणासकट पुढे केली. तिने बघितलीही नाही.

"अशी तर माझ्या पेनातही असते."

बाहेर आलो, गाडी सुरू न करता बसून राहिलो. रागाने नाही. ती म्हणते ते बरोबर होतं म्हणून.

३ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं तासभर मागे घेतली. चर्चला गेलो. रॉइस दारात. माझा हात हातात घेतला आणि सोडेना. सगळ्यांदेखत म्हणाला, "व्हर्लिन, माझ्यासाठी प्रार्थना कर." बोटांची हाडं एकमेकांवर चढली.

म्हाताऱ्या बाया रुमालाने डोळे पुसत होत्या.

प्रार्थना केली. त्याच्यासाठी नाही.

४ नोव्हेंबर

रोज सकाळी पेपर दारातच उघडतो. मधली पानं आधी बघतो. अपघात. बाई. पिस्तूल. आज नाही.

नेडीन म्हणते, "खा काहीतरी." घेवडा शिजवलाय, मक्याचा पाव केलाय. गिळवत नाही.

५ नोव्हेंबर

त्याची गाडी आमच्या वळणावर उभी असते. निळी. सकाळी नेडीन कामावर निघाली तेव्हा होती. मी किराणा आणायला गेलो तर मागे. वेग कमी केला की तोही कमी. दुकानासमोर थांबलो तर पलीकडे थांबला, हात हलवला, हसून!

म्हणजे शॉना कुठे आहे हे मला माहीत आहे अशी त्याची खात्री आहे. उद्या मला पत्ता कळला, मी तिच्याकडे निघालो, तर मीच त्याला नेऊन पोचवीन. व्हर्नेटाला हे माझ्या आधी कळलं होतं.

जाता येत नाही. न जाऊन चालत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

व्हर्नेटा घरी आली. हातात सफरचंदाचा मुरंबा. नेडीनसाठी म्हणे. नेडीन कामावर असते हे तिला चांगलं ठाऊक आहे.

खिडकीतून वळणावरची निळी गाडी बघितली. बराच वेळ बघितली.

"कधीपासून आहे ही?"

"काल. परवाही असेल."

"तू त्याचा माणूस असतास तर त्याने तुझ्यावर पाळत ठेवली नसती." खुर्चीवर बसली. कॉफी मागितली. "सांग पुन्हा. सावकाश. मला यंत्रातलं काही कळत नाही, शॉनाला कळेल असं सांग."

मी सांगितलं. तिने लिहून घेतलं नाही. लिहीत नाही ती कधी. मला दोनदा म्हणून दाखवलं, पाठ झालं की नाही म्हणून — ‘पिस्तूल उचलू नकोस, आपटू देऊ नकोस, गोळ्या काढायला दुसऱ्या माणसाला सांग, व्हर्लिनच्या हातून चूक झाली.’

शेवटचं वाक्य तिने आपलं आपण जोडलं. खरंच आहे ते.

"कधी पोचेल?"

"पोचेल तेव्हा पोचेल. तीन जणींच्या तोंडून जातं. चिठ्ठी धाडू नकोस, फोन करू नकोस, मला शोधत येऊ नकोस."

मुरंबा टेबलावर आहे. उघडला नाही.

७ नोव्हेंबर

पेपरात काही नाही.

८ नोव्हेंबर

काही नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

मोसम सुरू झाला. पहाटेपासून डोंगरात बार. दर वर्षी मला हा आवाज आवडायचा — ओळखायचो, ही अमक्याची, ही तमक्याची. आज प्रत्येक बाराला हातातलं काम थांबतं. शेडमध्ये सहा रायफली आल्या दुपारपर्यंत. प्रत्येक तीन-तीनदा तपासली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "व्हर्लिन, आज काय पूजा मांडलीयस का?" त्याची परत केली तेव्हा पुन्हा मागून घेतली आणि चौथ्यांदा तपासली. तो बघतच राहिला.

रॉइस आज नव्हता वळणावर. डोंगरात गेला असेल.

१० नोव्हेंबर, रविवार

नेडीन म्हणाली, "तू झोपेत मोजतोस."

"काय मोजतो?"

"एक दोन तीन चार. मग थांबतोस. मग पुन्हा पहिल्यापासून."

त्या पाकिटात स्प्रिंगा पाच होत्या.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर आलं.

व्हर्नेटा दुकानात भेटली, बटाट्यांपाशी. माझ्या ढकलगाडीतल्या पिशवीत काहीतरी टाकून गेली, बोलली नाही. घरी येऊन बघितलं. अर्धा कागद. चिठ्ठ्या धाडत नाहीत म्हणाली होती! शॉनाने हट्टच धरला असणार. तिचंच अक्षर, शाळेतल्यासारखं गोल.

लिहून ठेवतो, कागद ठेवायचा नाही म्हणून.

‘काका, माझी काळजी करू नका. पिस्तूल माझ्याकडे नाही. त्याच शुक्रवारी संध्याकाळी रॉइसला सापडलं, पिठाच्या डब्यात लपवलं होतं. रिकामं होतं. त्याने माझ्यासमोर चाप ओढला. पुन्हा ओढला. मग हसला. म्हणाला, हे तर व्हर्लिनचं काम. मग गोळ्या भरल्या आणि कमरेला खोचलं. मी पहाटे निघाले ती अंगावरच्या कपड्यांवर. ते आता त्याच्याकडेच असतं, आवडलंय त्याला. त्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचारू नका. मी फार दमलेय काका.’

म्हणजे तो शेडमध्ये उभा होता तेव्हा ते त्याच्या कमरेला होतं. चर्चच्या दारात होतं. म्हणून म्हणाला, हात ओळखू येतो!

पंधरा दिवस मी तिच्यासाठी मरत होतो. ती ठीक आहे. कुठेतरी गरम खोलीत बसून अर्धा कागद लिहिते आहे.

कागद चुलीत टाकला.

नेडीनला सांगितलं, निरोप आला, तिच्याकडे पिस्तूल नाही. नेडीन मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग उठून डोळे पुसले आणि मुरंब्याची बरणी उघडली. "खा आता तरी!"

मग पिस्तूल कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

त्याला सांगायला गेलो होतो. देवाशपथ, सांगायलाच गेलो होतो.

सकाळीच गिरणीत गेलो. कोंबड्यांसाठी मका हवा म्हणून. गिरणी भरलेली — मोसमाची सुट्टी घेतलेले लोक, त्यांच्या बाया, काउंटरमागे हिशेबाची बाई. रॉइस माझ्याकडे पाठ करून पोती रचत होता. वाकला की सदरा वर जायचा. कमरेला प्लॅस्टिकची काळी मूठ. म्यानात नाही. नुसतं पट्ट्यात खोचलेलं. खाली सिमेंटची फरशी.

प्रत्येक वेळी तो वाकला की मी डोळे मिटत होतो.

"अरे, म्हातारबा! आज तू माझ्या मागे?"

"मका हवाय."

पोतं त्याने खांद्यावर घेतलं, माझ्या गाडीपर्यंत आला. बरं झालं म्हटलं, इथे कुणी नाही, इथेच सांगू. तोंड उघडलंही. "रॉइस, तुझ्याकडचं ते —"

तो गाडीच्या फळीवर टेकला. अगदी जवळ आला. तंबाखूचा वास. मृदू आवाजात म्हणाला, "एक माणूस भेटलाय मला. नदीपलीकडचा. असल्या बाया कुठे ठेवतात ते त्याला माहीत आहे. दोन ठिकाणं सांगितलीयत त्याने, दोन्हींपैकी एक. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, महिनाअखेरीस, शॉना माझ्या घरात असेल. चालत आली तर चालत. नाहीतर उचलून आणीन." मग माझ्या खांद्यावर थोपटलं. "तू काहीतरी म्हणत होतास."

मी म्हणालो, "काही नाही."

"काही नाही ना?"

"काही नाही. मक्याबद्दल धन्यवाद."

आपल्याकडे कोंबड्या नाहीत. पोतं गाडीतच आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

व्हर्नेटाला निरोप धाडला, नेडीनच्या तोंडून: जागा बदला. नेडीन लगेच गेली. एवढं तरी केलं.

दुसरं केलं नाही.

सकाळी गिरणीला फोन लावला. त्या बाईने उचलला. "हॅलो? हॅलो? कोण आहे?" ठेवला.

मनाला सांगतो — आज सांगितलं तर तो काय करील? पिस्तूल माझ्यापुढे टाकील, म्हणेल, बसव स्प्रिंग. मी बसवीन. माझ्याच हाताने नीट करून देईन. आणि मग ते घेऊन तो नदीपलीकडे जाईल. मीच दिलेल्या हलक्या चापावर बोट ठेवून.

हे एक. दुसरं असं, की ती फरशी सिमेंटची आहे आणि तिथे लोक असतात.

आणि तिसरं मला लिहायचं नाही, पण इथे कोण वाचतंय. काल तो वाकत होता तेव्हा मी डोळे मिटत होतो, आणि मिटताना मनात काय होतं ते मला माहीत आहे. भीती होती. पण नुसती भीती नव्हती.

खाणीत ड्यूई माझ्यावर छत पडताना ओरडला होता. अर्धा सेकंद. विचार केला नव्हता त्याने, कोण आहे, कसा आहे. नुसता ओरडला होता. म्हणून मी आहे.

उद्या सांगेन. उद्या सकाळी पहिलं काम.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गाडी काढली. वळणापर्यंत गेलो. परत आलो.

दुपारी पुन्हा काढली. त्याच वळणापर्यंत.

उद्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अकराला गिरणीत. पोतं उचलायला वाकला, पिस्तूल पट्ट्यातून निसटून फरशीवर पडलं आणि उडालं. दवाखान्याची गाडी पोचायच्या आत रॉइस संपला. हिशेबाची बाई हातभर लांब होती, वाचली.

चारला डेप्युटी आला, रॉइसचा मावसभाऊ. टोपी हातात. डोळे सुजलेले. पिस्तूल उघडून बघितलं म्हणे, आत काहीतरी कमी आहे. चाप नवा आहे. "अशी कामं इथे तुम्हीच करता. तुम्हाला यातलं काही माहीत होतं का, मिस्टर कॉम्ब्स?"

मी म्हणालो, "नाही."

तो नेडीनकडे वळला. ती दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. तिला स्प्रिंगचं माहीत आहे. पिस्तूल कुठे होतं, हे तिला आत्ता, या क्षणी कळत होतं — मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्याकडे बघत राहिली. हाताचं पीठ पुसलं.

मग तीही नाही म्हणाली.